मराठीतील शास्त्रीय ग्रंथ : अभियांत्रिकी, शिक्षण आणि इतिहास

मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ओळखले जाणारे ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी जवळजवळ तीस वर्षे मराठीत बीजगणित आणि भूमितीची छापील पुस्तके वर्गात वापरली जात होती. मराठी गद्य छापखान्यात रुळले ते बऱ्याच अंशी अभ्यासाच्या पुस्तकांमुळे, आणि त्या पुस्तकांमागे एक रोकडी गरज होती. पेशवाई संपल्यावर मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी, रस्ते, पूल आणि सरकारी इमारती यांची कामे सुरू झाली. त्यासाठी हिशेब, आकृत्या आणि मापे समजणारी माणसे हवी होती. तेवढी माणसे इंग्लंडहून आणणे परवडणारे नव्हते.

या गरजेतून १८२३ मध्ये मुंबईत इंजिनिअर इन्स्टिट्यूशन ही शाळा निघाली. तिचे प्रमुख जॉर्ज जर्व्हिस हे कंपनी सरकारच्या लष्करातले इंजिनिअर होते. शाळेत शिकवणे मराठी आणि गुजरातीतून चाले. शिकवायला पुस्तके नव्हती, म्हणून जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींच्या मदतीने चार्ल्स हटन यांच्या गणिताच्या अभ्यासक्रमावरून मराठी पुस्तके तयार केली. शाळापुस्तकांचे काम ज्या मंडळीकडे होते, त्यांच्या सभेचे एतद्देशीय चिटणीस आधी सदाशिव काशीनाथ छत्रे आणि पुढे बाळशास्त्री जांभेकर होते. ‘दर्पण’कार म्हणून सर्वांना ठाऊक असलेल्या बाळशास्त्रींनी कलनशास्त्रावर ‘शून्यलब्धि’ हे पुस्तक लिहिले, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. हरि केशवजी यांचे ‘सिद्धपदार्थविज्ञानशास्त्र’ १८३३ मध्ये छापले गेले. तीन वर्षांनी दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण आले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये तयार झाला होताच. शास्त्रीय लेखनाला लागणारी साधने एका दशकात उभी राहिली होती.

मुंबईची शाळा १८३०च्या दशकात बंद पडली. तिच्याभोवती जमलेली माणसे मात्र मराठी पुस्तकांचे काम करत राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये शिक्षण कोणत्या भाषेतून द्यावे या प्रश्नावर मोठा वाद झाला. अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचा कल उच्च शिक्षण इंग्रजीतून देण्याकडे होता. जर्व्हिस यांनी देशी भाषांची बाजू घेतली, आणि त्यांना जगन्नाथ शंकरशेट यांनी साथ दिली. लोकांच्या भाषेतून शिकवले तरच विद्या लोकांपर्यंत पोचेल, असे त्यांचे म्हणणे होते. वादाचा अंतिम निकाल पेरी यांच्या बाजूने लागला. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, त्याच्या परीक्षा इंग्रजीत होऊ लागल्या, आणि पदवीला जाणारा प्रत्येक विषय इंग्रजीच्या मागे गेला.

अभियांत्रिकीला हा फटका सर्वांत जास्त बसला. पुण्यात जुलै १८५४ मध्ये अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसे मिळावीत हा त्याचा हेतू होता. पुढे तो वर्ग मुंबई विद्यापीठाला जोडला गेला आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयापर्यंत वाढला. पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे गणित शिकवत. त्यांचे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे १८६० मधील पुस्तक म्हणजे आकडेमोडीच्या मराठी ग्रंथाचा नमुना आहे. पानोपान अंक, ते वापरायची रीत, आणि पंचांगकर्त्याला हाताशी धरून नेणारी उदाहरणे. अभियांत्रिकीच्या वर्गात मात्र मराठी पुस्तकाला जागा उरली नाही. विद्यार्थ्याने रुरकीचे किंवा लंडनचे इंग्रजी पुस्तक वाचावे आणि इंग्रजीत उत्तर लिहावे, ही घडी बसली आणि ती शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली.

म्हणून मराठीतील अभियांत्रिकीचे पुस्तक महाविद्यालयाबाहेर जगले. त्याचा वाचक कधी घर बांधणारा मालक असे, कधी कंत्राटदार, मेस्त्री किंवा कारखान्यात उमेदवारी करणारा तरुण. नोकरीतून निवृत्त झालेल्या अभियंत्यांनी या वाचकासाठी मनापासून लिहिले. पुण्याच्या महाविद्यालयात शिकलेले रावसाहेब कृष्णाजी विनायक वझे यांनी जुन्या संस्कृत शिल्पग्रंथांचा अभ्यास करून ‘प्राचीन हिंदी शिल्पशास्त्रसार’ हे पुस्तक १९२४ मध्ये नाशिकहून काढले. त्यांचे सगळेच निष्कर्ष आज मान्य होणार नाहीत. तरी माती, दगड, चुना, लाकूड यांच्या जुन्या वर्गीकरणाकडे बांधकामाचा अनुभव असलेल्या डोळ्यांनी पाहणारा अभियंता त्या पुस्तकात दिसतो, आणि हे काम नुसत्या पंडिताला साधले नसते. पुण्याचे अभियंते रा. श्री. देशपांडे यांनी भारतीय हवामानाला साजेशा घरांवर इंग्रजीत पुस्तके लिहिली, तसे सामान्य मालकासाठी मराठीतही लिहिले. खोलीला उजेड कुठून यावा, मोरीचे पाणी कुठे जावे, पाया किती खोल घ्यावा, हे प्रश्न घर बांधणाऱ्याला त्याच्या भाषेतच पडतात.

बडोद्यात वेगळा प्रयोग झाला. सयाजीराव गायकवाड यांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली. तिचे पहिले प्रमुख रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर होते. रंगकाम, विणकाम, यंत्रे, चित्रकला हे विषय देशी भाषांतून शिकवावेत, आणि त्यासाठी पुस्तकेही त्याच भाषांत तयार व्हावीत, असा गज्जर यांचा आग्रह होता. वर्ग आणि पुस्तक एकाच वेळी उभे करण्याची ही कल्पना जर्व्हिस यांच्या कल्पनेची सख्खी बहीण होती. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले.

आज औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये फिटर, टर्नर, वायरमन, वेल्डर या व्यवसायांची मराठी पुस्तके सर्रास वापरली जातात. त्यांना साहित्याच्या इतिहासात कोणी स्थान देत नाही, हे बरोबर नाही. लेथवर कोणते हत्यार कोणत्या कोनात धरायचे, कानस कशी चालवायची, व्हर्निअर कसा वाचायचा, हे आकृतीसह नेमके सांगणे सोपे नसते. ओळंबा, गुण्या, थापी, रंधा हे कारागिरांचे शब्द आणि बेअरिंग, गिअर, सर्किट हे कारखान्यातले शब्द या पुस्तकांत एकाच वाक्यात सहज नांदतात. विद्यार्थ्याला दोन्ही कळतात, कारण दोन्ही तो कामाच्या जागी रोज ऐकतो.

पदवीच्या पातळीवरचे मराठी पुस्तक टिकवणे का अवघड आहे, याचे एक कारण विषयातच आहे. अभियांत्रिकीचे पुस्तक मानकांवर उभे असते. सलोह काँक्रीटच्या रचनेसाठी भारतीय मानक ४५६ लागते, आणि त्याची सध्याची आवृत्ती २००० सालची आहे. भूकंपरोधक रचनेसाठी मानक १८९३ लागते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला तेव्हा तो भाग या मानकाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२ मध्ये नकाशा सुधारला, पहिले क्षेत्र रद्द झाले आणि किल्लारी तिसऱ्या क्षेत्रात गेली. जुन्या नकाशाप्रमाणे गणिते सोडवणारे पुस्तक त्या दिवसापासून नुसते जुने झाले नाही, तर चुकीचे आणि धोक्याचे झाले. इंग्रजी पुस्तकाची सुधारित आवृत्ती लगेच निघते, कारण त्याला देशभर गिऱ्हाईक असते. मराठी पुस्तकाची पहिली आवृत्तीच दहा वर्षे संपत नाही. त्यामुळे प्रकाशक नव्या आवृत्तीचा खर्च करत नाही, आणि पुस्तक ग्रंथालयात तसेच राहते. एकदा अनुदान देऊन पुस्तक छापले की सरकारचे काम संपले, ही समजूत अभियांत्रिकीत चालत नाही. इथे दर काही वर्षांनी पुन्हा छापण्याची सोय केल्यावाचून पहिल्या छपाईला अर्थ नाही.

शिक्षणशास्त्राची गोष्ट वेगळी झाली. प्राथमिक शाळा मराठीच राहिल्या, म्हणून त्यांचे शिक्षक तयार करणारी ट्रेनिंग कॉलेजेही मराठीच राहिली. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुख कृष्णशास्त्री चिपळूणकर हे आपल्या काळातले मोठे भाषांतरकार होते, आणि १८६१ पासून निघणाऱ्या ‘शालापत्रक’ या मासिकाशी त्यांचा निकट संबंध होता. गावोगावच्या पंतोजींना अध्यापनाच्या पद्धती आणि शास्त्रविषय मराठीतून मिळाले ते अशा मासिकांतून. याच वर्गातून शंकर बाळकृष्ण दीक्षित आले. शाळेत आणि ट्रेनिंग कॉलेजात शिकवणाऱ्या या माणसाने ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ लिहिला. १८९६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. वेदकाळापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या भारतीय ज्योतिषाचा, सिद्धान्तांचा, करणग्रंथांचा आणि पंचांगांचा इतका कसून घेतलेला आढावा त्या वेळी दुसऱ्या कोणत्याही भाषेत नव्हता. पुढे भारत सरकारने त्याचा इंग्रजी अनुवाद छापला. ज्ञान नेहमी इंग्रजीतून मराठीत येते असे मानणाऱ्यांनी हा उलट प्रवास ध्यानात ठेवावा.

दीक्षितांच्या ग्रंथामागे दक्षिणा प्राइझ कमिटीचे बळ होते. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना श्रावणात दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमलात ती रक्कम घटत गेली. तिचा काही भाग उपयुक्त मराठी ग्रंथांच्या बक्षिसांसाठी वापरावा अशी मागणी पुण्यातल्या सुधारकांनी १८४९ च्या सुमारास केली, आणि त्यावरून शहरात मोठी खळबळ उडाली. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. धर्मकारणी वाटला जाणारा पैसा सर्वांना वाचता येईल अशा शास्त्रीय ग्रंथाकडे वळवण्याचा हा निर्णय मराठी ज्ञानाच्या इतिहासात फार मोलाचा आहे.

विसाव्या शतकात शिक्षणावरचे सकस मराठी लेखन प्रत्यक्ष शाळांतून आले. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केले, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला, ‘शिक्षणपत्रिका’ चालवली, आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी आणि कुरणशाळा उभी केली. गुरे राखणारे मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच कुरणावर जावे, हा विचार तिथल्या अनुभवातून आला. अनुताई वाघ यांनी हे काम आणि हे लेखन दोन्ही पुढे नेले. त्याच्या शेजारी बी.एड.चे बाजारी पुस्तक ठेवले तर अंतर लगेच दिसते. अशा पुस्तकात घटकांची नावे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाप्रमाणे, व्याख्या इंग्रजी ग्रंथांतून उतरवलेल्या, आणि उदाहरणे जवळजवळ नाहीतच. विषयाला वाचक भरपूर आहेत आणि भाषा मराठी आहे. पण परीक्षा हेच गिऱ्हाईक झाले की लेखकाला नव्याने विचार करण्याची निकड उरत नाही. दुसरीकडे, कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांच्यासारख्या मोठ्या शिक्षणतज्ज्ञाचे बहुतेक महत्त्वाचे लेखन इंग्रजीत आहे, कारण धोरण इंग्रजीत ठरते.

इतिहासाला मात्र महाविद्यालयाची वाट पाहावी लागली नाही. त्याचा कच्चा माल मराठीतच होता, आणि तोही मोडी लिपीत, सरदारांच्या वाड्यांत, देशमुखांच्या घरांत आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेला. ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला, आणि थोड्याच वर्षांत कॅपन यांनी तो मराठीत आणला. शाळेत तोच वाचला जाई. १८६०च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्याची सविस्तर चिकित्सा लिहून डफ यांच्या चुका दाखवल्या. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक सुरू झाले आणि बखरी, पत्रे, जुनी काव्ये छापील स्वरूपात येऊ लागली.

यानंतर विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचे पर्व येते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यात वाईला सापडलेली, पानिपतच्या मोहिमेच्या काळाशी संबंधित पत्रे होती. राजवाड्यांनी त्याला लांबलचक प्रस्तावना जोडली, आणि केवळ त्या पत्रांच्या आधारे आधीच्या इतिहासकारांनी दिलेला घटनांचा क्रम कुठे चुकला ते दाखवले. अशा बावीस खंडांचा संसार त्यांनी कोणत्याही विद्यापीठाच्या पगाराशिवाय, पायपीट करून, उपाशीतापाशी राहून उभा केला. विद्वत्तापूर्ण लेखन मराठीतच करायचे हा त्यांचा निश्चय होता. त्यांच्या मतांशी, विशेषतः व्युत्पत्ती आणि समाजेतिहासाच्या बाबतीत, वाद घालायला पुष्कळ जागा आहे. त्यांनी मिळवलेल्या कागदांबद्दल मात्र अभ्यासकांनी कृतज्ञच राहिले पाहिजे.

जुने पत्र वाचणे ही स्वतंत्र विद्या आहे. पत्राच्या शेवटी ‘छ’ लिहून मुसलमानी महिन्याची चंद्रतिथी दिलेली असते, वर्ष कधी शालिवाहन शकात, कधी सुहूर सनात, तर कधी राज्याभिषेक शकात. अनेक पत्रांत वर्षच नसते. तेव्हा अभ्यासक मजकुरातल्या घटना, लढाया, ग्रहणे, माणसांची नावे यांवरून काळ ठरवतो. तारखा जुळवायला जंत्री लागते. कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी अशी जंत्री तयार केली. हेच मोडक मराठीत रसायन आणि पदार्थविज्ञानाची पुस्तके लिहिणारे, म्हणजे इतिहास आणि विज्ञान या दोन्ही दालनांत वावरणारे गृहस्थ होते. तारखेचे महत्त्व शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या वादात सर्वांना कळले. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांकडची शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात जन्मतिथी शके १५५१ मधील फाल्गुन वद्य तृतीया अशी होती. इंग्रजी कालगणनेने ती १९ फेब्रुवारी १६३० येते. तोवर सर्वसाधारणपणे १६२७ हे वर्ष मानले जाई. एका घराण्याच्या दप्तरातल्या काही पानांनी पाठ्यपुस्तकांतले वर्ष बदलले.

या साऱ्या उद्योगाला १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने घर दिले. गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्यात राजपुत्रांचे शिक्षक होते. मुलांसाठी काढलेल्या टिपणांतून त्यांची ‘रियासत’ वाढली आणि कित्येक खंडांपर्यंत पोचली. पुढे त्यांनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग संपादित केले. त्यांचे बंगाली मित्र जदुनाथ सरकार यांनी मराठ्यांच्या साधनांसाठी मराठी शिकून घेतली. गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज दप्तरखान्यात आयुष्य घालवले आणि ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ मराठीत दिला. पुणे विद्यापीठाने तो १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांच्या ‘पानिपत : १७६१’ मध्ये कागदांबरोबर प्रत्यक्ष रणभूमीची पाहणीही आहे. या पुस्तकांच्या तळटीपा आणि सूची पाहिल्या तरी मराठीत कठोर संशोधन कसे होते ते कळते.

मोठ्या कोशांनी हे तिन्ही प्रवाह एकत्र आणले. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’साठी भाग विकून मर्यादित कंपनी काढली आणि १९२० ते १९२९ या काळात २३ खंड पूर्ण केले. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर भाषा संचालनालय १९६० मध्ये निघाले. त्याने स्थापत्य, यंत्र व विद्युत अभियांत्रिकी, शिक्षणशास्त्र आणि इतिहास यांचे परिभाषा कोश तयार केले. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. विश्वकोशातल्या पूल, धरणे, अंतर्ज्वलन एंजिन अशा विषयांवरच्या नोंदी त्या त्या क्षेत्रातल्या जाणकारांनी लिहिल्या आहेत, आणि पदवीच्या तोडीची अभियांत्रिकी मराठीत मांडता येते याचा तो भक्कम पुरावा आहे. नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने केंद्राच्या योजनेतून उच्च शिक्षणाची पुस्तके काढली. कला आणि वाणिज्य शाखांत ती वापरली गेली, कारण तिथे मराठीतून उत्तरे लिहिण्याची मुभा मिळाली होती. अभियांत्रिकीत ती नव्हती.

ती मुभा २०२१ मध्ये आली. नव्या शैक्षणिक धोरणानंतर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह आठ भारतीय भाषांत अभियांत्रिकी पदवीचे वर्ग चालवायला परवानगी दिली, आणि पिंपरी-चिंचवडमधील एका महाविद्यालयात मराठीतून वर्ग सुरू झाला. परिषदेने पहिल्या वर्षाच्या पुस्तकांची भाषांतरे करून घेतली, आणि नंतरच्या वर्षांचे काम पुढे नेले. दोनशे वर्षांपूर्वीचा क्रम पुन्हा दिसतो : वर्ग निघाला, पुस्तकाची निकड लागली, भाषांतर सुरू झाले. या वेळी भाषांतराला संगणकाची मदत आहे, त्यामुळे पाने लवकर तयार होतात. पण विषय शिकवलेल्या आणि मराठी नीट लिहिणाऱ्या संपादकाने ती वाक्यावाक्याने तपासली नाहीत, तर विद्यार्थी शेवटी मूळ इंग्रजी पुस्तकच उघडतो. भारतीय मानके अजून इंग्रजीतून वापरली जातात. पदव्युत्तर प्रवेशाची गेट परीक्षा इंग्रजीत होते, आणि नोकरीतल्या निविदा व मोठ्या प्रकल्पांचे तपशीलही बहुधा इंग्रजीतच असतात. म्हणून मराठीतून शिकणाऱ्या मुलाला दोन्ही भाषांतल्या संज्ञा शेजारीशेजारी देणारे, मानकांच्या दर सुधारणेबरोबर पुन्हा निघणारे आणि सोडवलेल्या उदाहरणांनी भरलेले पुस्तक लागते.